घरातली सर्व्हर प्रयोगशाळा : मोडा, जोडा आणि शिका

संगणक क्षेत्रातील नोकरी म्हणजे प्रोग्रॅमिंग, असा एक सर्वसाधारण समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने आणखी एक मोठा वर्ग या क्षेत्रात काम करीत असतो. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी ज्या यंत्रांवर चालतात ती यंत्रे अखंड चालू ठेवणे, त्यांवरील माहिती सुरक्षित राखणे आणि काही बिघडलेच तर ते पूर्ववत करणे, हे या वर्गाचे काम. सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळणारी ही मंडळी सहसा कोणाच्या नजरेत येत नाहीत. व्यवस्था कोलमडली, की मात्र सर्वांनाच त्यांची आठवण होते.

प्रश्न असा, की हे काम शिकायचे कोठे? प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी एक साधा संगणक पुरतो. सर्व्हरचे तसे नाही. ज्या यंत्रावर शेकडो लोकांचे काम अवलंबून आहे, त्याला नवशिक्याने हात लावलेला कोणत्याही कंपनीला चालत नाही आणि त्यात गैर काही नाही. प्रशिक्षणवर्गात सर्व पायऱ्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सुरळीत पार पडतात. प्रत्यक्षात डिस्क मध्यरात्री बंद पडते आणि ती बदलायची कशी, हे तेव्हा विचारायला जवळ कोणी नसते. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते. पण पहिल्याच दिवशी कोणी पुराच्या पाण्यात उडी घेत नाही. ज्याला जगभर 'होम लॅब' म्हटले जाते, ती घरातली छोटी सर्व्हर प्रयोगशाळा म्हणजे शिकणाऱ्यासाठी गुडघाभर पाणी होय. तिचे खरे मोल यंत्रांच्या किमतीत नाही. तेथे काहीही मोडण्याची मुभा असते, यात ते आहे.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

या प्रयोगशाळेचा पाया म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, अर्थात आभासीकरण. जुन्या पुण्यातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणला, तर ही कल्पना चटकन समजते. वाडा एकच, विहीर एकच, दिंडी दरवाजाही एकच. पण आत अनेक बिऱ्हाडे. प्रत्येकाचा संसार वेगळा, प्रत्येकाची चूल वेगळी आणि एकाच्या घरातील भांडणाचा दुसऱ्याच्या घराला उपद्रव नाही. आभासीकरणात एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक 'आभासी संगणक' अशीच बिऱ्हाडे थाटतात. प्रत्येकाला वाटते, की प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क आपलीच आहे. ही वाटणी करणाऱ्या, वाड्याच्या मालकाची भूमिका बजावणाऱ्या सॉफ्टवेअरला 'हायपरवायझर' म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने आपल्या अवाढव्य संगणकांसाठी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली १९७२ सालीच जाहीर केली होती. सर्वसाधारण पीसीच्या घराण्यातील संगणकांवर मात्र ही किमया यायला वेळ लागला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी असे सॉफ्टवेअर बाजारात आणले. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने आभासीकरणाला मदत करणारी सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली. २००७ मध्ये 'केव्हीएम' हा हायपरवायझर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. एके काळी जे केवळ मोठ्या संस्थांना परवडत होते, ते त्यानंतर घरच्या टेबलावर येऊन बसले.

खरेदीआधी घरातले यंत्र पाहा

या छंदात शिरणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे आधी खरेदी करणे. पहिले काही महिने घरात असलेला संगणकच पुरेसा असतो. 'व्हर्च्युअलबॉक्स' हे विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोजवर किंवा लिनक्सवर नेहमीच्या प्रोग्रॅमसारखे बसवता येते आणि त्यात आभासी संगणक तयार करता येतात. प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय काही संगणकांत मुळात बंद ठेवलेली असते. ती बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत तिचे नाव 'व्हीटी-एक्स', तर एएमडीच्या यंत्रांत 'एसव्हीएम' किंवा 'एएमडी-व्ही' असे दिसते.

पहिली टंचाई जाणवते ती मेमरीची. प्रोसेसरचा वेळ अनेकांत वाटून देता येतो, कारण सगळी बिऱ्हाडे एकाच वेळी कामात नसतात. मेमरीचे तसे नाही. जी एकाला दिली ती बहुतांशी त्याचीच. सोळा जीबी मेमरीच्या संगणकाचा हिशेब मांडून पाहू. मूळ यंत्रणेसाठी ४ जीबी, प्रत्येकी २ जीबीचे तीन छोटे लिनक्स सर्व्हर मिळून ६ जीबी आणि स्टोरेजच्या प्रयोगासाठीच्या सर्व्हरला ४ जीबी. बेरीज १४ जीबी होते. म्हणजे एवढ्यात चार सर्व्हरांची प्रयोगशाळा उभी राहते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकले. त्यामुळे आहे त्यात भागवण्याचा हा सल्ला अधिकच व्यवहार्य ठरतो.

पुढे स्वतंत्र यंत्र हवेसे वाटले, तर कार्यालयांतून बाहेर पडलेले वापरलेले छोटे डेस्कटॉप उत्तम. जाडजूड पुस्तकाएवढा आकार, नगण्य आवाज आणि माफक वीज. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला अपात्र ठरलेली अनेक यंत्रे लिनक्ससाठी मात्र अजूनही धडधाकट आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांत जुने यंत्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : मेमरी कमाल किती वाढवता येते, डिस्कसाठी किती जागा आहेत आणि प्रोसेसरला आभासीकरणाची सोय आहे की नाही.

विजेचे गणित

जुन्या बाजारात कधी कधी खरेखुरे रॅक सर्व्हरही आकर्षक किमतीत मिळतात. त्यांचा मोह बहुतेकांना होतो. परंतु ते वातानुकूलित सर्व्हर-खोलीसाठी बनवलेले असतात. त्यांच्या छोट्या, वेगवान पंख्यांचा आवाज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सहन होत नाही. शिवाय विजेचे गणित आहेच. स्वस्थ बसलेला छोटा डेस्कटॉप २० वॉट वीज घेतो असे धरले, तर चोवीस तास चालवल्यास तीस दिवसांत १४.४ युनिट होतात. जुन्या सर्व्हरने १५० वॉट घेतले, तर तेवढ्याच काळात १०८ युनिट. महावितरणच्या घरगुती दररचनेत पहिला टप्पा १०० युनिटपर्यंतचा आहे. म्हणजे घरातील दिवे-पंखे मोजण्याआधीच हा एकटा पाहुणा घराला वरच्या टप्प्यात नेऊन बसवतो. स्वस्तात मिळालेला हत्ती दारात बांधण्यापूर्वी त्याच्या चाऱ्याचा विचार केलेला बरा.

वीज खंडित होण्याचा प्रश्नही आहेच. डिस्कवर लिहिणे अर्धवट असताना वीज गेली, तर माहिती बिघडू शकते. छोटा यूपीएस बसवला आणि तो यूएसबीच्या तारेने सर्व्हरला जोडला, तर वीज गेल्याची खबर सर्व्हरला मिळते. बॅटरी संपत आल्यावर सर्व आभासी संगणक क्रमाने आणि शिस्तीत बंद करण्याची व्यवस्था त्यावर लावता येते. मोठ्या डेटा सेंटरमध्ये हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. भारनियमनाची सवय असलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हा धडा घरबसल्या मिळतो.

नाव शिकावे की काम?

स्वतंत्र यंत्रावर हायपरवायझर कोणता बसवावा, यावर या मंडळींत हिरिरीने वाद होतात. अनेक वर्षे या प्रश्नाचे ठराविक उत्तर होते, ते म्हणजे व्हीएमवेअरचा 'ईएसएक्सआय'. कंपन्यांत तोच चाले, म्हणून शिकणारेही त्याचीच विनामूल्य आवृत्ती घरी वापरत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणण्यात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची विनामूल्य आवृत्तीही बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा उपलब्ध करून देण्यात आली खरी. पण मधल्या काळात अनेकांनी 'प्रॉक्समॉक्स' या मुक्त प्रणालीची वाट धरली होती. ऑस्ट्रियातील कंपनीने तयार केलेली, २००८ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली डेबियन लिनक्स आणि केव्हीएम यांवर आधारलेली आहे. तिचा कारभार ब्राउझरमधून करता येतो.

या घडामोडींतून शिकणाऱ्याने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. विशिष्ट कंपनीच्या पडद्यावर कोणते बटण कोठे आहे, हे ज्ञान कंपनीच्या एका निर्णयाने निरुपयोगी ठरू शकते. आभासी संगणक चालू असतानाच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर कसा हलवतात, त्याला नेटवर्क कसे मिळते, त्याची डिस्क प्रत्यक्षात कोठे असते, हे ज्याला उमगले त्याला नवे पडदे शिकायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून एका प्रणालीवर हात बसला, की तोच प्रयोग दुसरीवर करून पाहावा. मात्र एकाच वेळी पाच प्रणाली बसवू नयेत. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होते.

येथेच एक सावधगिरी. प्रयोगशाळेचे नेटवर्क घराच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे. हायपरवायझरच्या आत स्वतंत्र आभासी नेटवर्क तयार करणे अवघड नसते. नवशिक्याने उभारलेला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे संगणकांना पत्ते वाटणारा सर्व्हर, चुकून घराच्या नेटवर्कवर आला, तर घरातल्या फोनना आणि टीव्हीला चुकीचे पत्ते मिळू लागतात. मुलांचा ऑनलाइन वर्ग किंवा आजोबांची मालिका बंद पडली, की प्रयोगशाळेला घरातून मिळणारा पाठिंबाही त्याच दिवशी संपतो. तसेच प्रयोगाचा सर्व्हर इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नये. अशा यंत्रांच्या शोधात असलेले स्वयंचलित प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात.

स्टोरेज : खरी परीक्षा

आभासी संगणक बिघडला तर नवा करता येतो. गेलेली माहिती परत निर्माण करता येत नाही. म्हणूनच घरच्या प्रयोगशाळेत सर्वाधिक वेळ द्यावा तो स्टोरेजला. त्यासाठी डिस्कचा ढीग विकत आणण्याची गरज नाही. एका आभासी संगणकाला प्रत्येकी १० जीबीच्या चार आभासी डिस्क जोडल्या, की प्रयोग सुरू करता येतो.

पहिला धडा 'रेड'चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या निबंधाने ही संज्ञा रूढ केली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि एखादी गेली तरी माहिती शाबूत राहील अशी योजना करावी, हे तिचे सार. प्रत्येक योजनेची किंमत मात्र वेगळी. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर 'रेड-५' मध्ये १२ टेराबाइट जागा मिळते आणि एक डिस्क गेलेली चालते. 'रेड-६' मध्ये ८ टेराबाइट मिळते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी निभावते. हे कोष्टक पाठ करणे सोपे आहे. पण चालू सर्व्हरमधून एक आभासी डिस्क मुद्दाम काढून टाकावी, व्यवस्था लंगडत का होईना चालू राहते हे पाहावे, नवी डिस्क जोडून तिच्यावर माहिती पुन्हा कशी भरली जाते आणि तोवर सर्व्हर किती मंदावतो हे अनुभवावे; मग ते कोष्टक कायमचे लक्षात राहते.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. डिस्क नेहमी वाजतगाजत मरत नाही. कधी कधी ती चालू राहते आणि चुकीची माहिती मुकाट्याने परत देते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत विकसित झालेल्या आणि २००५ मध्ये मुक्त स्वरूपात उपलब्ध झालेल्या 'झेडएफएस' या फाइल प्रणालीत माहितीच्या प्रत्येक तुकड्याची एक पडताळणी-संख्या जपून ठेवलेली असते. याचा प्रयोग रंजक आहे. दोन आभासी डिस्कची जोडी करून एकीवर असेल तेच दुसरीवरही राहील अशी व्यवस्था करावी, काही फाइली त्यावर ठेवाव्यात आणि मग एका डिस्कच्या मधल्या भागात मुद्दाम निरर्थक माहिती लिहावी. त्यानंतर 'स्क्रब', म्हणजे संपूर्ण तपासणीची आज्ञा दिली, की झेडएफएस बिघडलेले तुकडे ओळखते आणि चांगल्या प्रतीवरून ते दुरुस्त करते. लिनक्सच्या साध्या सॉफ्टवेअर रेडवर हाच प्रयोग केला, तर दोन प्रतींत तफावत आहे एवढे समजते. खरी प्रत कोणती, हे मात्र त्याला सांगता येत नाही. दोन साक्षीदार परस्परविरोधी साक्ष देत असतील, तर न्यायाधीशाला तिसरा पुरावा लागतोच. पडताळणी-संख्या हा तो पुरावा.

तिसरा धडा उधारीचा. २५० जीबीच्या डिस्कवर पाच आभासी संगणकांना प्रत्येकी १०० जीबी 'दिल्याचे' दाखवता येते, कारण प्रत्यक्ष जागा वापरेल तशीच खर्च होते. या सोयीला 'थिन प्रोव्हिजनिंग' म्हणतात. सगळ्यांनी एकाच वेळी आपला वाटा मागितला, की मूळ डिस्क भरते आणि एका बिऱ्हाडाच्या उधळपट्टीने पाचही बिऱ्हाडांचे व्यवहार अडतात. ही अवस्था घरी एकदा मुद्दाम ओढवून घ्यावी. तसे केलेला माणूस पुढे नोकरीत डिस्कच्या शिल्लक जागेची सूचना लावायला सहसा विसरत नाही.

बॅकअप आहे, पण परत आणता येतो का?

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य या क्षेत्रात सर्वांना पाठ असते. चुकून पुसलेली फाइल रेडच्या सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते. 'स्नॅपशॉट', म्हणजे एका क्षणाचे टिपलेले चित्र, चुकून पुसलेले परत आणायला उपयोगी पडते. पण तेही मूळ डिस्कवरच राहते आणि डिस्कबरोबरच जाते. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, असा साधा नियम सांगितला जातो.

तरीही एवढ्याने भागत नाही, याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे प्रोग्रॅमरांना सेवा पुरवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी घडलेला प्रकार. दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा एका अभियंत्याकडून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीपैकी साडेचार जीबीच उरली होती. बॅकअपसाठी एकूण पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. नेमक्या वेळी त्यांतली एकही भरवशाची ठरली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळल्याने कित्येक दिवस अपयशी ठरत होता आणि अपयशाची सूचना देणारी ईमेल पोहोचतच नव्हती. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट हाताशी होता. त्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतील डेटाबेसमधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. विशेष म्हणजे कंपनीने हे सारे लपवले नाही. दुरुस्तीचे काम तिने इंटरनेटवरून थेट दाखवले आणि नंतर सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायाने तो अहवाल आजही अभ्यासला जातो.

घरच्या प्रयोगशाळेत यावरचा सराव विनाखर्च करता येतो. महिन्यातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी एक आभासी संगणक खरोखर पुसून टाकावा आणि घड्याळ लावून तो बॅकअपवरून परत उभा करावा. दोन आकडे वहीत लिहावेत : किती वेळाची माहिती गमावली आणि पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. मोठमोठ्या संस्थांच्या आपत्ती-आराखड्यांचा पाया हेच दोन आकडे असतात. जो बॅकअप कधी परत आणून पाहिलेला नाही, त्याला बॅकअप न म्हणता आशा म्हणणे अधिक योग्य.

मर्यादा आणि मोजमाप

घरची प्रयोगशाळा सर्व काही शिकवत नाही, हेही सांगायला हवे. हजारो ग्राहकांचा एकाच वेळचा ताण, महागडी फायबर चॅनल स्टोरेज यंत्रणा, बदलाला मंजुरी मिळवण्याची कागदोपत्री शिस्त, सहकाऱ्यांसोबत रात्रपाळीत काम करण्याची सवय, या गोष्टी नोकरीतच मिळतात. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या क्लाउड सेवा तासाच्या हिशेबाने मिळतात आणि त्यांचाही सराव हवाच. परंतु क्लाउडमध्ये डिस्क बदलणारे हात दुसऱ्याचे असतात. खाली काय चालते, हे पाहण्याची संधी घरच्या यंत्रावरच मिळते.

प्रयोगशाळेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे वही. कोणती आज्ञा दिली, काय मोडले, का मोडले आणि कशाने सुधारले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. नोकरीच्या मुलाखतीत घरी किती यंत्रे आहेत, याला फारशी किंमत नसते. एखादा बिघाड कसा शोधला, हे क्रमाने सांगणारा उमेदवार मात्र समोरच्याच्या लक्षात राहतो, आणि ते सांगायचे तर बिघाड आधी स्वतःच्या हातून झालेला असावा लागतो.

प्रयोगशाळा कितपत साधली, हे मोजण्याची एक कसोटी आहे. एखाद्या रविवारी सकाळी सगळे आभासी संगणक पुसून टाकावेत आणि केवळ वही व बॅकअप यांच्या आधारे तीच रचना पुन्हा उभारायला घ्यावी. पहिल्या खेपेस दोन-तीन रविवार जातील. वहीत काय लिहायचे राहिले, हे त्या वेळी पानोपानी कळेल. ते भरत गेले, की एक रविवार असा येतो, जेव्हा दुपारच्या जेवणापूर्वी सगळे सर्व्हर पुन्हा चालू झालेले असतात.